बिनशेपटीची अक्षरं

पैज लागायला तसं काही कारण नव्हतं. सूर्यभानला झोप येत नव्हती, एवढंच.

वेरूळच्या डोंगराखाली बारा-पंधरा घरांची धनगरांची वस्ती. दुपारी तिथं लिंबाची सावलीसुद्धा पाय पसरून झोपते. कुत्री झोपतात, कोंबड्या झोपतात, टाकीचा नळ ठिबकायचं विसरतो. अशा वेळी ज्याला झोप लागत नाही त्याच्या डोक्यात काहीतरी वळवळायला लागतं. आणि सूर्यभानच्या डोक्यात तर पन्नाशी उलटली तरी वळवळ सोडून दुसरं फारसं काही नव्हतं. मागल्या साली त्यानं वस्तीवर बातमी सोडली होती की लेण्यात पिक्चरचं शूटिंग हाय, राजाच्या दरबारात बसायला मिशीवाले म्हातारे पायजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात म्हातारे धुतलेले फेटे बांधून फाट्यावर उभे. सगळ्यात पुढं शेजारचा खंडेराव, मिशीला तूप लावून. म्हातारा नव्हता, पण दरबाराच्या नादानं गेला. बारा वाजेस्तोवर उभा होता बिचारा.

तोच खंडेराव आत्ता आपल्या ओट्यावर तोंडावर टॉवेल टाकून पडला होता.

"खंड्या, झोपला का?"

"झोपलो."

"मग बोलतंय कोन?"

"मिशी."

सूर्यभान खूश झाला आणि ओट्याच्या कडेला टेकला. समोर त्याच्याच अंगणात त्याची बायको कस्तुराबाई शेरडांच्या घोळक्यात बसली होती. सगळी काळी कुळकुळीत, त्यात एकच बोकड पांढरा. त्याचं नाव ढगोबा. बोकड एकूण दहा, आणि दहाही जणांच्या कानात नवा कोरा पिवळा बिल्ला.

बिल्ले परवाच आले होते. शहरातून जनावरांच्या डॉक्टर, मनस्विनी मॅडम, स्वतः येऊन टोचून गेल्या. त्यांची बिनऔषधी मटणाची संस्था होती. अट अशी की बोकड डोंगरावर चरलेला पाहिजे. सहा महिन्यांत त्याला सुई नको, गोळी नको, वजन फुगवायची पावडर नको. जनावर आजारी पडलं तर त्याला मरू द्यायचं नाही, औषध खुशाल द्यायचं. फक्त त्याचा बिल्ला काढायचा आणि त्याला साध्या बाजारात न्यायचं. पण औषध देऊन लपवलं, तर एकटा तो बोकड नाही, सगळा कळप बाद. कायमचा.

"सहा म्हयने बिनसुईचं," सूर्यभान म्हणाला. "तुझ्या शेरडांला तर शिंक आली की सुई, खोकला आला की सुई. पानी पेली की अंगातून कारंजी उडत आसतील."

"तुझ्या जिभंला एक सुई मारायला पायजे."

"मार की. पन माझं म्हननं ऐक. दिवाळीच्या आत ह्यातल्या एकाला तरी सुई बसती."

टॉवेल तोंडावरून निघाला. "वैनी बसू द्यायची नाय."

"बसती."

"नाय बसत. लावतो पैज?"

"लावली. सुई बसली तर तुझी अर्धी मिशी काढायची. डावी का उजवी, मी ठरविनार."

खंडेरावाचा हात आपोआप मिशीकडं गेला, दोन्ही बाजूंची हजेरी घेऊन आला. मग तो वर लिंबाकडं बघत राहिला. फाट्यावरची ती सकाळ त्याला आठवत असणार.

"आन नाय बसली," तो सावकाश म्हणाला, "तर तू गळ्यात घंटी बांधायची. वेरूळचा बाजार भरला की ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर चालायचं. दर दुकानाम्होरं थांबायचं आन बोकडावानी वरडायचं. मधी मान्साचा एकबी सबूद तोंडातून काढायचा नाय."

"बें," सूर्यभान म्हणाला, आणि पैज लागली.

अंगणातून आवाज आला, "अवो! सोताच्या शेरडांवर पैज लावता? लाज हाय का काय?"

"शेरडांवर नाय गं. सुईवर लावली."

खंडेराव हसला. कस्तुराबाई हसली नाही.

तिला हसायला येण्यासारखं नव्हतंच ते. तिचा लेक अजिनाथ शहरात मुकुंदवाडीला राहायचा, स्टेशनच्या मागं, दोन खोल्यांत. कंपनीत होता. दोन वर्षं तो एकच धोशा लावून होता: आई, आता डोंगर बास, गुडघे गेले तुझे, शेरडं इक आन माझ्याकडं ये. पोरगं वाईट नव्हतं. खोलीला त्यानं आईसाठी पंखासुद्धा लावून ठेवला होता. शेवटी गुढीपाडव्याला कस्तुराबाईनं त्याला शब्द दिला. "यंदा माझी शेरडं मॅडमनं पास केली, तर दरसाल त्या माझेच बोकड नेतील. मग मी हितंच ऱ्हाईन, तू बोलायचं नाय. नाय पास झाली, तर समदी वैजापूरच्या बाजारात घालते आन तुझ्या पंख्याखाली येऊन बसते." हे बोलताना तिचा हात सगळ्यात म्हाताऱ्या शेळीच्या मानेवर होता. सूर्यभाननं तेवढी बोटं बघितली. केसात रुतली होती.

मग तरी त्यानं उलटी पैज का लावली? आता हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून हळूच सांगतो. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या बाजूनं पैज लावून ठेवायची, ही त्याची जुनी खोड. हरलो तर कस्तुरा डोंगरावर राहते. जिंकलो तर सगळंच गेलं, पण निदान अर्धी मिशी हातात.

*

मॅडम एक निळी वही देऊन गेल्या होत्या. बोकडांनी रोज काय खाल्लं, काय प्याले, कुठं चरले, सगळं त्यात लिहायचं. मागं एक वेगळं पान आजारपणाचं. कस्तुराबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून वही तिची आणि हात सूर्यभानचा. तो सातवी शिकलेला, म्हणजे त्याच्या मते वस्तीतला वकीलच.

एक भानगड होती. सूर्यभान उकार देत नसे. ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही, कुठलाच नाही. अक्षर काढायचं, मग परत खाली वाकून त्याला शेपटी लावायची, हा उद्योग त्याला शाळेपासून पटला नव्हता. "शेरडाला शेपूट पायजे, माशा हाकायला," तो म्हणायचा. "अक्षराला कुठं माशा बसत्यात?" त्यामुळं कस्तुराबाई सांगायची "तुरीचा भुसा" आणि वहीत पडायचा 'तरीचा भसा'. ती सांगायची गूळ, तो लिहायचा 'गळ'. वाचणारं कुणी नव्हतं. मॅडम मधे दोनदा आल्या, पण त्यांनी वजनाचं पान तेवढं बघितलं, आणि आकड्यांना शेपट्या नसतात.

श्रावणात दोघं शेरडं घेऊन वर जायची. लेण्यांच्या माथ्यावर, पार पठारावर. तिथं त्या दिवसांत ढग एवढे खाली येतात की माणसाच्या हातातली भाकरी ओलसर होते. काळी शेरडं धुक्यात जायची आणि थोड्या वेळानं फक्त त्यांचे पिवळे बिल्ले दिसायचे, हवेत लटकलेले, झेंडूच्या पाकळ्यांसारखे, इकडून तिकडं सरकणारे. ढगोबाचं तर काहीच दिसायचं नाही. तो कड्याच्या टोकावर जाऊन उभा राहायचा, तोंड वर करून, पाला चघळायचा थांबून. ढग त्याच्या अंगावरून जायचा आणि आपला किती आणि ढगाचा किती हे ढगोबालाही समजत नसावं.

"काय बघतंय गं ते?" सूर्यभान विचारायचा.

"नातेवाईक," कस्तुराबाई म्हणायची.

खालून कुठून तरी प्रवाशांच्या बसचा हॉर्न यायचा, घृष्णेश्वराची घंटा यायची, दोन्ही आवाज कापसात गुंडाळल्यासारखे. कस्तुराबाई बोरीच्या फांद्या काठीनं वाकवून देत पुढं पुढं जायची आणि गुडघे दुखत असल्याचं तिच्या चालीत कुठंही दिसायचं नाही. घरी ओट्यावर ती चार पायऱ्या चढताना तीनदा बसायची. वर मात्र तिला कुणीतरी खालून उचलून धरल्यासारखं व्हायचं.

असंच एकदा वही छातीवर ठेवून सूर्यभानचा डोळा लागला. त्याला दिसलं की पठारभर बारकी बारकी काळी करडं चरतायत, बोटाएवढी, नुसत्या शेपट्याच, वर वळलेल्या. "कुनाची रं तुमी?" त्यानं विचारलं. त्यातलं एक म्हणालं, "तुमचीच की. तुमी आमाला कुठंच लावलं नाय, म्हून आमी हितं चरतो." आणि सगळीच्या सगळी एकदम त्याच्याकडं बघायला लागली. सूर्यभान दचकून उठला. वहीच्या पानावर दव पडलं होतं आणि ढगोबा तिचा कोपरा खात होता.

त्यानं हे स्वप्न कस्तुराबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग लावा की त्यांला जाग्यावर."

"उद्या," सूर्यभान म्हणाला.

*

भादव्यात एका सकाळी ढगोबा उठला नाही.

आदल्या दिवशी तो कुणाच्या तरी ओल्या मक्यात घुसला होता. आता त्याची डावी कूस डफासारखी ताणली होती, बोटानं टिचकी मारली तर वाजत होती. डोळे अर्धे मिटलेले. सूर्यभान त्याच्याशेजारी बसला.

"कस्तुरे, डाक्टरला बोलवू का? सुई मारून घिऊ."

कस्तुराबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "मिशी पायजे व्हय तुमाला?"

भिंतीपलीकडून खंडेरावाचा आवाज, "लगीच सुई व्हय रं सूर्या? लई घाई झाली!"

सूर्यभानला सांगायचं होतं की मिशी गेली उडत, मला ह्या पोराच्या डोळ्यांची भीती वाटतीय. पण ज्यानं आयुष्यभर थापा मारल्या त्याच्या तोंडात खरं वाक्य आलं की तेही थापेसारखंच वाजतं.

"दुपारपतोर बघते," कस्तुराबाई म्हणाली. "नाय उठला तर मीच फोन लावते. बिल्ला गेला तर गेला. जीव ऱ्हायला पायजे."

तिनं ढगोबाचे पुढचे पाय ओट्यावर ठेवले, त्याला उभा धरला आणि दोन्ही तळव्यांनी कूस चोळायला लागली. खालून वर, खालून वर. उन्हं चढली. चोळता चोळता ती काहीतरी पुटपुटत होती आणि अंगणातली बाकी शेरडं रवंथ थांबवून ऐकत होती. तेवढ्यात पारूबाई आली.

पारूबाई वस्तीतली सगळ्यात म्हातारी. नव्वदीला टेकलेली, कानानं ठार बहिरी. तिनं आयुष्यात जेवढी जनावरं राखली तेवढी माणसं बघितली नसतील. वस्तीवर कुणाचं जनावर बसलं की लोक तिला आणायचे, आणि ती एकच करायची. दुवा द्यायची. ती ढगोबाच्या तोंडाशी बसली, बिल्ल्याचा कान उचलला, त्यात लांब फुंकर घातली आणि त्या कानाला ओठ लावून म्हणाली, "सुखानं चर बाबा. हायेस तवर सुखानं चर. आन जाशील तवा सुखानं जा."

कुठं जाशील हे पारूबाईला ठाऊक होतं, कस्तुराबाईलाही होतं. बोकड राखणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणूनच तर तो दुवा तसा होता.

अंगणात कुणी हललं नाही. वाराही नाही. आणि मग ढगोबानं मान ताणली, डोळे उघडले आणि असा ढेकर दिला की ओट्यावरचं मांजर उठून दुसऱ्याच्या घरी गेलं. एक ढेकर, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक ढेकरागणिक कूस उतरत गेली. दुपारी तो उठून कस्तुराबाईच्या पदराचं टोक चघळत होता.

सूर्यभाननं आनंदाच्या भरात वही काढली. आजारपणाच्या कोऱ्या पानावर, अख्ख्या सहा महिन्यांतली एकच ओळ लिहिली. लिहिली ती नेहमीसारखीच. शेपट्यांशिवाय.

*

दिवाळीनंतर मॅडम आल्या. अजिनाथही सुट्टी टाकून मुकुंदवाडीहून आला. खंडेराव मिशीला तूप लावून कुंपणाशी उभा. पारूबाईला ऊन लागतं म्हणून तिची बाज लिंबाखाली ओढली.

मॅडमनी दहाही बोकड तपासले. डोळे, दात, खुरं, वजन. एकेकाच्या पाठीवर थोपटत म्हणायच्या, "वा." कस्तुराबाईनं कागदावर अंगठा दिला: माझ्या एकाही जनावराला औषध दिलेलं नाही. चहा आला. चहा पिता पिता मॅडमनी निळी वही मागून उघडली, आजारपणाच्या पानाशी. कप हातातच राहिला.

"मावशी, भाद्रपदात ढगोबाला दवा दिली होती?"

"नाय," कस्तुराबाई म्हणाली.

"इथं तर लिहिलंय. पारूबाईंनी दिली म्हणून." मॅडमचा आवाज एकदम कागदासारखा झाला. "आणि तुम्ही आत्ता अंगठा दिलात."

सगळ्यांनी पारूबाईकडं बघितलं. मॅडम तिच्या बाजेशी गेल्या आणि ओरडून म्हणाल्या, "आजी! बोकडाला काय दिलंत तुम्ही?"

"आं?"

"काय दिलंत?"

"कानात दिलं!" पारूबाई आनंदानं म्हणाली.

"कानात? किती?"

"येकदाच. पन भरपूर!"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. तो टक आवाज सूर्यभानला डोक्यात ऐकू आला. कुठं काय झालंय ते त्याला आता दिसलं. पठारावरची ती सगळी करडं त्याच्याकडं बघत होती.

"मॅडम, शेपूट ऱ्हायलं!" तो ओरडला.

"काय?"

"शेपूट! दवा नाय ते, दुवा हाय. माझ्याकडनं शेपटी द्यायची ऱ्हायली खाली."

मग खंडेराव हसला, पण वाईट हसला. "सूर्या, मिशीसाठी? वैनीचा कळप घातला रं तू अर्ध्या मिशीसाठी?"

"आयची आन घिऊन सांगतो..."

"शूटिंगच्या येळंला बी आयचीच घेतली व्हतीस."

सूर्यभाननं अजिनाथकडं बघितलं. अजिनाथनं मान खाली घातली. सख्खा मुलगा, पण त्यालाही लहानपणी बापानं सांगितलं होतं की दौलताबादच्या किल्ल्यात पेरूला दार असतं, आणि त्यानं ते खरं मानलं होतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "मला तुमच्यावर विश्वास ठेवायला आवडलं असतं. पण दोन महिने झाले, रक्तात आता काही सापडणार नाही. माझ्याकडं फक्त वही आहे. आणि वहीत दवा आहे."

कस्तुराबाई उठली आणि दावणीशी जाऊन म्हाताऱ्या शेळीची दोरी सोडायला लागली.

"आई, आत्ता कशाला..." अजिनाथ म्हणाला.

"सबूद म्हंजी सबूद. बाजार कवाचा हाय वैजापूरला?"

सूर्यभानला वाटलं, कुणीतरी आपल्याला आता एक सणसणीत मुस्काटात मारावी. कुणी मारली नाही. दोरीची गाठ घट्ट होती, तिच्या बोटांना सुटेना. ती तशीच वाकून गाठीशी झटत राहिली. मग थांबली. पाठमोरीच म्हणाली,

"मॅडम, काय लिवलंय ते वाचा बरं. तुमच्या भाषेत नगं. हाय तसं, आक्षर न आक्षर."

मॅडमनी वही परत उघडली. "'ढगोबाचं पोट फगलं. पारबाईनं दवा दिला. दपारी उठला.'"

"मधलं परत वाचा."

"'पारबाईनं दवा दिला.'"

"दिला का दिली?"

मॅडम पानावर वाकल्या. "दिला."

कस्तुराबाई वळली. दोरी हातातच होती. "दवा कुनी दिला म्हनतं का? गोळी दिली, सुई दिली, दवा दिली. दिला म्हनलं की दुवा. आमाला लिवता येत नाय, पन बोलता येतंय."

लिंबाचं एक पिवळं पान गिरक्या घेत घेत वहीवर येऊन पडलं. मॅडमनी ते उचललं नाही. ओठ हलवून त्या स्वतःशीच म्हणून बघत होत्या: दवा दिला, दवा दिली, दुवा दिला. मग त्यांनी वही पहिल्या पानापासून उघडली. "'सकाळी तरीचा भसा. दपारी गळ, थोडा मग...' मग काय?"

"मूग," सूर्यभान म्हणाला.

"'बोकड ढगात घसले. कड्यावरन दसऱ्या कड्यावर...'" मॅडमच्या खांद्यांना हसू फुटायला लागलं होतं. त्यांनी दाबलं. पेन उघडून सूर्यभानच्या हातात दिलं. "काका, लिहा. 'दुपारी दूध आणि गूळ घेतला.' खाली सही करा."

सगळी वस्ती वाकून बघत होती. सूर्यभानला एवढा घाम कधी आला नव्हता. जीव एकवटून त्यानं लिहिलं. मॅडमनी कागद उचलून मोठ्यानं वाचला.

"'दपारी दध आणि गळ घेतला. सर्यभान.' काका, हे तुमचं स्वतःचं नाव आहे!"

"ते जन्मापास्नं बिनशेपटीचंच हाय."

आता अजिनाथसुद्धा हसला. मॅडम डोळे पुसत खंडेरावाकडं वळल्या. "तुम्ही सांगा. हे मुद्दाम केलेलं असेल?"

खंडेरावानं मिशीला हात लावला आणि सूर्यभानकडं बघितलं. फाट्यावरची सकाळ फेडायची असती तर हीच वेळ होती.

"नाय," तो म्हणाला. "मुद्दाम केलं आसतं तर दोन म्हयने पोटात ठिवलं नसतं ह्यानं. गंमत पचतच नाय ह्याला. शूटिंगच्या दिवशी बाराच्या ठोक्याला सोताच सांगत आला, आन सांगताना हसून हसून पडला."

मॅडमनी शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि कागदावर उमटवला. दहाही बोकड पास. अट एकच: काकांनी सगळ्या वहीत उकार भरून द्यायचे.

कस्तुराबाईनं अर्धी सुटलेली गाठ परत आवळली. अजिनाथ तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. "पंखा काढून हितं आनून लावतो मग," तो म्हणाला. ती म्हणाली, "ओट्यावर लाव. शेरडांला वारं लागंल."

पुढचे चार दिवस सूर्यभान लिंबाखाली वही घेऊन बसला. एकेका अक्षराखाली वाकायचा, एकेक शेपटी लावायचा. भुसा, गूळ, मूग, दुपार. दुपारी डोळे जड व्हायचे आणि त्याला वाटायचं, पठारावरून ती करडं खाली उतरतायत, रांगेनं, बारक्या पावलांनी, आणि आपापल्या अक्षराखाली येऊन निवांत बसतायत. शेवटचं करडू 'द'च्या खाली बसलं. फक्त सहीखालची जागा त्यानं मोकळी ठेवली. सगळंच सुधारलं तर लोक ओळखणार कसे?

*

बाजाराच्या दिवशी खंडेरावानं स्वतःच्या हातानं घंटी बांधली. बैलाची होती, चांगली जड.

"घट्ट झाली का?"

"बें."

"शाबास."

अख्खी वस्ती मागं. पारूबाईला अजिनाथनं मोटरसायकलवर बसवून आणली होती. पहिलं दुकान बांगड्यांचं. सूर्यभान थांबला, मान ताणली, आणि असा ओरडला की बांगडीवालीच्या हातातला डझन खाली. मग कांदेवाला, मग भज्याची गाडी, मग चपलांचं दुकान. वेरूळला लेणी बघायला आलेली माणसं लेणी सोडून फोन काढून उभी. पोरं मागून बेंबाळत होती. कुणी त्याला मेथीची जुडी पुढं केली, ती त्यानं रीतसर खाल्ली. खंडेराव बाजूनं चालत दुकानं मोजत होता आणि त्याच्या मिशीची दोन्ही टोकं उन्हात चमकत होती. कस्तुराबाई फेट्यांच्या गर्दीत पदर तोंडाला लावून हसत होती. पाडव्यापासून ती अशी हसली नव्हती. सूर्यभाननं ते बघितलं आणि पुढच्या दुकानापुढं दोनदा ओरडला, एक फुकट.

अर्धा बाजार झाला तेव्हा गर्दीत एक टेम्पो अडकला. मागं जाळी. जाळीत काळे बोकड, पिवळे बिल्ले. सकाळी कस्तुराबाईनं एकेकाच्या कपाळावर हात ठेवून त्यांना चढवलं होतं, आणि चढवून झाल्यावर बराच वेळ शेरडांच्या गोठ्यात जाऊन उगाच झाडलोट केली होती. टेम्पो हॉर्न देत होता, गर्दी हटत नव्हती.

सूर्यभान भांड्यांच्या दुकानापुढं थांबला होता. "बें," तो ओरडला.

जाळीतून उत्तर आलं.

बाजाराचा आवाज मागं मागं सरकला, डोंगरावर सरकायचा तसा. जाळीशी एक पांढरं तोंड आलं होतं. कानातला बिल्ला, अर्धवट मिटलेले डोळे, वर आभाळाकडं लागलेले. आभाळात कार्तिकातला एकच ढग होता, बारका, कुणाची वाट बघत थांबल्यासारखा.

सूर्यभानला काहीतरी म्हणायचं होतं. पारूबाईनं म्हटलं होतं तेच, दुसरं काही नाही. त्याचं तोंड उघडलं, आणि त्याला आठवलं की माणसाचा एक शब्दही काढायचा नाही. त्यानं खंडेरावाकडं बघितलं. खंडेरावानं दुकानं मोजायची थांबवली होती. "बोल," तो हळू आवाजात म्हणाला. "हे धरत नाय मी."

पण पैज ती पैज. सूर्यभाननं मान हलवली. घंटी वाजली. त्यानं जाळीकडं तोंड केलं, छाती भरून घेतली आणि जे म्हणायचं होतं ते सगळं एका बें मध्ये घातलं. ह्या खेपेला त्यानं त्याला शेपटीसुद्धा लावली, चांगली लांब. टेम्पो हलला, वळला, भांड्यांच्या रांगेपलीकडं दिसेनासा झाला, तरी ती संपली नव्हती.

मग तो पुढच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिला.